चित्र गेलं, यंत्र राहिलं

मंडळी, पटावरचा खेळ विकत घेतला की आपल्या हाती नियमांची पुस्तिका येते, फासे येतात, सोंगट्या येतात. आणि चित्रं येतात. आज आपण फक्त चित्रांविषयी बोलू, कारण ‘बॅटलटेक’ या अमेरिकी खेळातून ती एके दिवशी नाहीशी झाली.

१९८४ साली शिकागोच्या फासा कंपनीनं ‘बॅटलड्रॉइड्स’ हा खेळ काढला. षटकोनी घरांचा नकाशा, आणि त्यावर माणसानं आत बसून चालवायची अजस्र लढाऊ यंत्रं. (‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मनं हक्क सांगितला, म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदललं. जन्मापासून वकील मागे!) यंत्रांची रूपं मात्र जपानी ॲनिमेतली. ‘मॅक्रॉस’मधला टॉमाहॉक इथे ‘वॉरहॅमर’ झाला, ग्लाउगचा ‘मरॉडर’ झाला. काही रूपं ‘डगराम’मधून आली, काही ‘क्रशर जो’मधून. ही चोरी नव्हती बरं का. फासानं ट्वेंटिएथ सेंच्युरी इम्पोर्ट्स या कंपनीकडून रीतसर परवाना घेतला होता.

मग अडलं कुठे? आपल्याकडे जमीन घेताना आपण सातबारा बघतो, विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का ते तपासतो. परवान्याचंही तसंच असतं. देणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. हार्मनी गोल्ड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं म्हणणं असं, की ‘मॅक्रॉस’चे जपानबाहेरचे हक्क तात्सुनोकोकडून आम्ही घेतलेत. त्यावरून तिनं फासावर दावा लावला. १९९६ मध्ये तडजोड झाली आणि ती चित्रं छापणं थांबलं. फासानं सावधपणे बाहेरून घेतलेली इतर रूपंही काढून टाकली.

आता गंमत बघा. कॉपीराइट रेखाटनाला असतो, खेळायच्या पद्धतीला नसतो. त्यामुळे ‘वॉरहॅमर’ खेळात राहिलाच. वजन ७० टन, हातांच्या जागी दोन तोफा, सगळे आकडे जसेच्या तसे. फक्त तो दिसायचा नाही. खेळाडूंनी अशा यंत्रांना नाव दिलं ‘अनसीन’, न दिसणारे. घरातल्या कपाटात जुनी धातूची बाहुली होती, ती पटावर ठेवायला कुणाची हरकत नव्हती. पण नव्यानं खेळायला आलेल्या पोराला पुस्तकात मरॉडर कसा दिसतो ते सापडायचं नाही. आम्हाला खरं नुकसान इथे झालेलं दिसतं, कोर्टात नाही.

परत येणंही सरळ झालं नाही. २००३ च्या सुमारास नवी रूपं काढली, ती अनेकांना रुचली नाहीत. तोवर फासा बंद झाली होती. पुढे खेळ कॅटलिस्ट गेम लॅब्जकडे आला. २००९ मध्ये कॅटलिस्टनं जुनी चित्रं परत आल्याचं जाहीर केलं, आणि काही आठवड्यांतच ‘मॅक्रॉस’मधल्यांपुरतं ते मागे घेतलं. खेळाडूंची तेव्हाची निराशा तुम्ही कल्पू शकता. मग कॅटलिस्टनं वेगळी वाट धरली: ठेवण ओळखीची, पण प्रत्येक रेघ स्वतःची. २०१७ मध्ये हार्मनी गोल्डनं त्यावरही दावा ठोकला. २०१८ मध्ये तो मिटला, आणि नव्या रूपातली यंत्रं खेळाच्या डब्यांतून उघडपणे विकली जाऊ लागली.

म्हणजे परत आलं ते जुनं चित्र नव्हेच. तरी आज जुना मरॉडर आणि नवा मरॉडर एकाच पटावर समोरासमोर उभे राहतात. दोघांचंही वजन ७५ टन.