ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

पावसाळ्यात आमच्या कोलशेतमध्ये घराघरांत मुलांची नाके वाहू लागतात. सर्दी चार दिवसांत जाते, पण एखाद्या रात्री मूल कान धरून रडत उठते. आपण म्हणतो, कानात पाणी गेले असेल. खरे तर हे दुखणे बहुतेक वेळा नाकाकडून आलेले असते.

मध्यकर्णापासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजली की पडद्यामागे पाणी साचते, त्यात जंतू वाढून पू होतो आणि कान ठणकतो. कधी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो व दुखणे एकदम थांबते. घरच्यांना वाटते, कान बरा झाला. पण वाहणारा कान डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

अशा वेळी दादी-नानी लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडतात. त्यांची माया खरी, पण पडदा शाबूत असेल तर तेल आत पोहोचत नाही आणि फुटलेला असेल तर अपाय होतो. दुखणे कमी करायला वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे. अँटिबायोटिक द्यायचे की दोन दिवस वाट पाहायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. दिलेच तर डोस पुरा करावा. कानामागे सूज आली, तोंड वाकडे झाले किंवा मूल सुस्त पडले, तर तासभरही थांबू नये.

ठणका गेल्यावरही पडद्यामागचे पाणी काही आठवडे राहू शकते. तेव्हा दुखत काहीच नाही, फक्त कमी ऐकू येते. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, हाकेला ओ देत नाही. मकतबमध्ये ‘सीन’ आणि ‘शीन’ यांत गोंधळते आणि बोलणी खाते. आपण त्याला हट्टी म्हणतो. अशा मुलाला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिले तर श्रवणचाचणी करावी.

तपासणीची सोय दूर नाही. कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. अंगणवाडी व शाळांत मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, सुरू झाला. बहिरेपणाची तपासणीही त्यात येते. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाची घरी लपवलेली तक्रार सांगावी.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. बाळाला अंगावर पाजावे. बाटली द्यावी लागली तर डोके उंच धरून द्यावी. घरात विडी-सिगारेट ओढू नये. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत सरकारी केंद्रात मोफत मिळणारी न्यूमोकोकल लस चुकवू नये.

मुलांचे कान ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. दुआ करूच, पण दवेलाही उशीर नको.