घरच्या तसबिरी : शाई आणि कागद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील कित्येक गांवें जमीनदोस्त केलीं. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं माणसें गेलीं, तशा भिंतींवरच्या तसबिरीही गेल्या. आमच्या लातूरकडच्या चुलत्यांच्या घरीं आजोबा-आजींचें छायाचित्र होतें, तें असेंच नाहींसें झालें. त्याची दुसरी प्रत नांदेडला पेटींत राहिली होती, म्हणून ते चेहरे आज मुलांना दिसतात.

त्या एका प्रतीवरून सर्व भावंडांसाठीं प्रती काढण्याचें आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं ठरविलें. एका दुकानांतून चकचकीत कागदावर छापून आणल्या. पण ट्यूबलाइटखालीं आजोबांचा कोट हिरवट दिसे, तर ओसरीवरच्या उन्हांत जांभळट. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेली प्रत तीन उन्हाळ्यांतच फिकी पडली.

चौकशीअंतीं कळलें तें असें. इंकजेट यंत्राची शाई दोन प्रकारची. डाय शाईंत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती स्वस्त व तेजस्वी, पण प्रकाश आणि हवेंतील ओझोन यांपुढें बहुधा लवकर हार खाणारी. पिगमेंट शाईंत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात व ती पुष्कळ अधिक टिकते. तिच्यांतील काळे कण कार्बनचे. हें ऐकतांच आम्हांस घरच्या पोथ्या आठवल्या. काजळ आणि डिंक घोटून केलेल्या शाईचीं अक्षरें पिढ्या लोटल्या तरी काळींच आहेत. काजळ म्हणजेही कार्बनच!

हिरव्या-जांभळ्या छटेचें कारण निराळें. पुष्कळ घरगुती यंत्रें फोटोच्या कागदावर करडा रंग निळा, किरमिजी व पिवळा मिसळून करतात. मिश्रण थोडें ढळलें कीं छटा आलीच. म्हणून काळ्याबरोबर करड्या शाईचींही कार्ट्रिजें असलेलें पिगमेंटचें यंत्र ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडेच काम द्यावें.

आतां कागद. प्लास्टिकचा थर असलेला चकचकीत कागद आल्बमास ठीक. भिंतीवरच्या तसबिरीस कापसाचा, आम्लरहित, इंकजेटसाठीं लेप दिलेला मॅट कागद उत्तम. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नांवाजलेला खरा. परंतु कोणत्याही हातकागदावर असा लेप नसल्यास शाई आंत मुरते व काळा रंग राखाडी दिसतो. निळसर झांक मारणारा अतिशुभ्र कागदही टाळावा. ती शुभ्रता बहुधा रसायनाची असते आणि तें निष्प्रभ झालें कीं कागद पिवळट वाटूं लागतो. मॅट कागदास मॅट काळी शाई व चकचकीत कागदास फोटो काळी, ही जोडीही दुकानदारास विचारून घ्यावी. उलट झाल्यास चकचकीत कागदावरची शाई बोटाला लागते.

प्रत छापल्यावर एक दिवस मोकळी सुकूं द्यावी. चौकटींत बसवितांना कांचेस चिकटूं नये म्हणून मध्यें जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी. पावसाळ्यांत ओल धरणारी भिंत व थेट ऊन दोन्हीं वर्ज्य.

आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीनें प्रत्येकाचें नांव व नातें लिहावें. आम्ही यंदा पांच प्रती काढून पांच घरीं दिल्या, तेव्हां आजोबांच्या शेजारीं उभी असलेली बाई कोण, हें घरांतील एका वृद्ध आत्याबाईंखेरीज कोणासच सांगतां येईना. शाई कितीही टिकाऊ असो. नांव मात्र विचारून घ्यावयास वेळ थोडाच असतो.