रायफलीची दुर्बीण : झटपट निघणारी बैठक घेताना

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. हत्यारांची मागणी घटली तसे ते सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि २०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हातात नेमकेपणा असला की धंदा बदलता येतो, हेच खरे.

त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे. दुर्बीण लागते ती हौशी एअर रायफलवाल्याला आणि परवानाधारकाला. तिची खटक्याने निघणारी बैठक, म्हणजेच क्विक डिटॅच माऊंट, फिक्स बैठकीपेक्षा महाग पडते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, पट्टीचे माप. बहुतेक एअर रायफलींवर सुमारे ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते. पिकॅटिनी पट्टीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, तर वीव्हरची ४.५७. त्यामुळे पिकॅटिनीची बैठक वीव्हरवर बसेलच असे नाही. दुर्बिणीची नळीही २५.४ की ३० मिलिमीटर, हे कॅलिपरने मोजूनच रिंग घ्यावी.

दुसरी गोष्ट, रायफलीचा झटका. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे व मग पुढे झटका देते, त्यामुळे दुर्बीण हळूहळू सरकते. अशा रायफलीला खटक्यापेक्षा स्टॉप पिन असलेली फिक्स बैठकच बरी.

तिसरी आणि मुख्य गोष्ट, नेम परत जागेवर येतो का? पाच गोळ्या झाडा, बैठक काढा, पुन्हा बसवा आणि त्याच निशाणावर आणखी पाच झाडा. बसवताना बैठक दर वेळी पुढे दाबूनच खटका लावा. दोन्ही घोळके एकमेकांवर पडले तर माल चांगला. एक मिनिट कोनाचा फरक १० मीटरवर जेमतेम ३ मिलिमीटर दिसतो, पण १०० मीटरवर तोच २.९ सेंटिमीटर होतो. म्हणून चाचणी शक्य तितक्या लांबून घ्यावी.

आता लेथवाल्या बांधवांसाठी. बैठक बसवण्यासाठी बंदुकीला भोक पाडून आटे मारून द्या, असे कोणी म्हणाले तर काम घेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती वा फेरफार परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. ०.१७७ इंचापर्यंतची व २० ज्यूलपर्यंत शक्तीची एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही, पण ही सूट इतर बंदुकींना नाही. बैठकींचा माल बनवायचा वा विकायचा विचार असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करावी. चार पैशांच्या मजुरीपायी कारखान्याला टाळे लागू नये.