खेळाची रचना : काही मूलभूत संकल्पना आणि त्यांची मराठी परिभाषा

परिभाषा म्हणजे काय आणि व्यवहारातील शब्दाला पारिभाषिक रूप कसे येते, याची ओळख आपण यापूर्वी करून घेतली आहे. प्रस्तुत घटकात त्याच विचारासाठी एक नवे क्षेत्र निवडले आहे : खेळांची रचना, म्हणजेच ज्याला आज सर्रास ‘गेम डिझाइन’ म्हटले जाते ते. मोबाइलवरील आणि संगणकावरील खेळांच्या सूचना, नियम आणि संवाद मराठीत लिहिण्याचे काम तुमच्यापैकी काहींच्या वाट्याला येऊ शकते. अशाच एका खेळात पडद्यावर ‘आता तुमचे वळण’ असे वाक्य उमटलेले मी पाहिले. अनुवादकाला मूळ शब्दाचा रस्त्यावरचा अर्थ ठाऊक होता, खेळातला नव्हता. पत्ते किंवा कॅरम खेळलेला मराठी माणूस असे कधीही बोलणार नाही. चूक वरवर शब्दाची दिसते; परंतु खेळात ‘पाळी’ नावाची एक संकल्पना असते आणि मराठीने तिला पूर्वीच नाव दिलेले आहे, याचे भान सुटल्यामुळे ती घडली आहे.

खेळ, डाव, चाल आणि दान

प्रथम ‘खेळ’ हाच शब्द घेऊ. तान्ह्या मुलाचे खुळखुळ्याशी रमणे हाही खेळ आणि बुद्धिबळ हाही खेळ. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात मुक्त बागडण्यापासून काटेकोर नियमबद्धतेपर्यंत एक सलग पट्टा कल्पिला आणि त्याच्या दोन टोकांना ‘पायडिया’ व ‘लुडुस’ अशी नावे दिली. खेळरचनेचा संबंध मुख्यतः दुसऱ्या टोकाशी येतो. नियमबद्ध खेळ हा एक अमूर्त आराखडा असतो. तो प्रत्यक्षात मांडला, खेळला आणि संपवला, की त्या एका घटनेला आपण ‘डाव’ म्हणतो. सोस्यूरची भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष भाषण ही जोडी येथे आठवावी. स्वतः सोस्यूरने बुद्धिबळाचाच दाखला दिला होता : मोहरे लाकडी असोत वा हस्तिदंती, व्यवस्थेत काही बदल होत नाही, मोहऱ्यांची संख्या बदलली, तर मात्र खेळाचे व्याकरणच बदलते.

‘डाव’ हा शब्द मात्र परिभाषेच्या दृष्टीने अडचणीचा आहे. पत्त्यांचा डाव म्हणजे एक संपूर्ण खेळणे, क्रिकेटमधील डाव म्हणजे एका संघाने फलंदाजीसाठी मैदानात घालवलेला काळ आणि कुस्तीतील डाव म्हणजे एक कौशल्यपूर्ण कृती. आराखड्याच्या तीन निरनिराळ्या पातळ्यांना बोलीत एकच शब्द चालतो, कारण तेथे प्रसंग अर्थ सांगून जातो. परिभाषेत ही सवलत नसते. म्हणून माझ्या मते संपूर्ण खेळण्याला ‘डाव’, खेळाडूला मिळणाऱ्या संधीला ‘पाळी’ आणि त्या संधीत त्याने निवडलेल्या कृतीला ‘चाल’ असे शब्द निश्चित करावेत. ‘पाळी’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थामुळे काही लेखक संकोचतात. तो संकोच खेळात रमलेल्या माणसाला शिवत नाही, हा माझा अनुभव आहे.

‘चाल’ आणि ‘दान’ हा भेद तर मराठीने रचनाकाराच्या हाती आयताच ठेवला आहे. दान पडते, चाल खेळावी लागते. पहिल्यात कर्ता खेळाडू नव्हे आणि क्रियापदच ते सांगते. सापशिडीत केवळ दान आहे : फासा पडेल तितकी घरे पुढे जायचे, निवड करण्यास वावच नाही. बुद्धिबळात केवळ चाल आहे. सारीपाटात दान पडल्यावर कोणती सोंगटी हलवायची हे खेळाडू ठरवतो. म्हणजे तेथे दैव आणि बुद्धी यांची सांगड घातलेली असते. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप दाखवून नीतिबोध करतो. पण त्यात खेळाडूला सद्गुण निवडताच येत नाही, ही रचनेच्या दृष्टीने मोठी गमतीची गोष्ट आहे. खेळ जे चित्रात सांगतो, तेच नियमांतूनही सांगत असतो असे नाही.

नियम काय घडवतात

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी नियमांचे दोन प्रकार मानले. वाहतुकीचे नियम आधीपासून चालू असलेल्या व्यवहाराला शिस्त लावतात; बुद्धिबळाचे नियम तो व्यवहारच अस्तित्वात आणतात. नियमांबाहेर ‘शह’ नावाची वस्तू जगात कोठेही नाही. बर्नार्ड सुट्स यांनी १९७८ मध्ये याला आणखी एक मुद्दा जोडला : खेळणे म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न. समोरच्या गड्याला हात लावून परत येणे यात विशेष काय आहे? परंतु ते एका दमात करायचे म्हटले, की हुतुतू निर्माण होतो.

हा ‘दम’ रचनाकाराने बारकाईने अभ्यासावा असा आहे. घड्याळ नसलेल्या मैदानात वेळेची मर्यादा खेळाडूच्या छातीतच बसवली गेली. ‘हुतुतू’ किंवा ‘कबड्डी’ हा घोष सर्वांना ऐकू येतो, म्हणून मोजमापाला वेगळा पंचही लागत नाही. आधुनिक स्पर्धांत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली, तरी घोष टिकून आहे. निदानरेषेचेही तसेच. चढाई करणाऱ्याने ती किमान एकदा ओलांडली पाहिजे, अन्यथा कोणाला स्पर्श न करता परतल्यास तो बाद ठरतो. ‘निदान’ म्हणजे ‘किमान’ हा मराठीतला रोजचा अर्थ येथे चपखल बसतो. ही रेषा नसती, तर मध्यरेषेजवळ घुटमळून परतणे हीच सर्वांत शहाणपणाची चाल ठरली असती आणि खेळ मरगळला असता.

हुतुतूची तीन रूपे

एका नियमाने खेळ किती पालटतो हे पाहण्यासाठी कबड्डीच्या संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन जुन्या प्रकारांइतके उत्तम उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही. मैदान तेच, चढाई आणि पकड तीच. फरक एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे : बाद झालेल्या गड्याचे काय करायचे? संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक बाद गडी परत येतो. गामिनीत आपले सर्व गडी बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, केवळ गुण मोजला जातो.

परिणाम पाहा. गामिनीत एक गडी गेला, की उरलेल्यांना पकड करणे अवघड होते, त्यामुळे आणखी एक जातो. ही घसरण स्वतःलाच वेग देत ‘लोण’ चढेपर्यंत चालते. अमरमध्ये पहिल्या चढाईचा दुसरीवर असा भार पडत नाही. खेळ समतोल राहतो, पण संघ ढासळण्याचा थरार हरवतो. संजीवनीत दोन्ही शक्ती एकमेकींना ओढतात आणि आजची कबड्डी याच वाटेने गेली आहे. शिवाय मैदानात तीन किंवा त्यांहून कमी गडी उरले असता यशस्वी पकडीला एक जादा गुण देऊन दुबळ्या पक्षाला आधार दिला जातो. खेळाच्या एका स्थितीचा परिणाम पुढील स्थितीवर असा परतून येतो, त्याला खेळरचनेत ‘फीडबॅक’ म्हणतात. मी त्यासाठी ‘पडसाद’ हा शब्द वापरतो : गामिनीतला वाढता पडसाद, संजीवनीतला सावरणारा पडसाद.

नियम, त्यांतून प्रत्यक्ष खेळताना उद्भवणाऱ्या घडामोडी आणि शेवटी खेळाडूच्या मनात उठणारा अनुभव, अशी तीन पातळ्यांची मांडणी हुनिकी, लब्लांक आणि झुबेक यांनी २००४ मध्ये केली. रचनाकाराच्या हाती केवळ पहिली पातळी असते. खेळाडूला प्रथम भेटते ती तिसरी. तिसऱ्या पातळीसाठी त्यांनी योजलेल्या शब्दाचे ‘सौंदर्यशास्त्र’ असे भाषांतर करणे दिशाभूल करणारे ठरेल. ‘अनुभव’ पुरेसा आहे. विभावादींपासून रसापर्यंतचा क्रम शिकलेल्या विद्यार्थ्याला ही मांडणी फारशी परकी वाटू नये.

राज्य, लिंबूटिंबू आणि रडीचा डाव

मुलांच्या बोलीत याहून सूक्ष्म संकल्पना सापडतात. लपंडावात ज्याने इतरांना शोधायचे, त्याच्यावर ‘राज्य’ येते. इंग्रजीत या भूमिकेला निव्वळ एका सर्वनामाने भागवले जाते. मराठीने तिला नाम दिले, आणि तेही उपरोधाने, कारण हे राज्य कोणालाच नको असते. एक विषम भूमिका, जी खेळाडूंमध्ये फिरत राहते आणि जिच्यापासून सुटका हेच उद्दिष्ट असते, असे लांबलचक वर्णन त्या एका शब्दात मावते.

‘लिंबूटिंबू’ हाही असाच शब्द. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण ते बाद झाले तरी मोजायचे नाही. असमान कुवतीच्या खेळाडूंना एकाच डावात कसे सामावून घ्यावे, या प्रश्नावर संगणकीय खेळांचे रचनाकार आजही डोके शिणवतात. अंगणातल्या मुलांनी तो एका शब्दात सोडवला होता, आणि धाकट्याला आपण मोजले जात नाही याचा पत्ताही लागत नसे.

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या १९३८ च्या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ उधळणारा असा भेद केला. लबाड खेळाडू निदान नियम मानण्याचा आव आणतो. उधळणारा खेळाचे जगच नाकारतो, म्हणून समूह त्याच्यावर अधिक चिडतो. मराठीत पहिला ‘रडीचा डाव’ खेळतो, दुसरा ‘डाव मोडतो’.

स्वाध्याय : आपल्या गावात किंवा वस्तीत खेळला जाणारा एखादा खेळ निवडा. तो खेळणाऱ्या मुलांकडून त्यातील किमान दहा शब्द त्यांच्या उच्चारासह टिपून घ्या आणि प्रत्येक शब्द नियम, घडामोड की अनुभव यांपैकी कशाचे नाव आहे ते लिहा. नंतर बाद झालेल्या गड्याविषयीचा नियम बदलून मुलांना तोच खेळ पुन्हा खेळू द्या. नव्या नियमाला ती स्वतः काही नाव देतात का, ते लक्षपूर्वक ऐका. तुम्ही ते सुचवू नका.