मेंदूचा कारभारी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर एखादे गृहस्थ दोन-अडीच महिन्यांनीं रुग्णालयांतून घरीं येतात. हातापायांत बळ आलेलें असतें, वाणी स्वच्छ असते, भेटावयास येणाऱ्यांस ते नांवानें ओळखतात आणि जुन्या गोष्टी तारीखवार सांगतात. मंडळी म्हणतात, "देवानें वाचविलें, आतां कांहीं उणें नाहीं." पुढें आठ-पंधरा दिवसांतच घरांत कुरबूर सुरू होते. चहाचें आधण ठेवून ते वर्तमानपत्र वाचीत बसतात आणि आधण आटून जातें. दाढी अर्धी करून उठतात. विजेचें बिल भरावयास म्हणून निघतात आणि बिल खिशांत तसेंच ठेवून, भाजी घेऊन परततात. विचारलें तर काय करावयाचें होतें हें त्यांस बिनचूक सांगतां येतें, आणि म्हणूनच घरच्यांचा राग अधिक चढतो. ज्याला सर्व समजतें तोच करीत नाहीं, तेव्हां हा आळस तरी असावा किंवा हट्ट तरी, असा अर्थ बहुतेक घरांत लावला जातो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला द्यावी लागते. कारण ज्या पहिल्या महिन्यांत मेंदूची सुधारणा सर्वांत झपाट्यानें होत असते, तेच महिने रागवारागवींत निघून जातात.

अशा रुग्णाच्या बाबतींत दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली अवधान: एका कामावर मन टिकविणें, सभोंवतींच्या गोंगाटांतून हवें तेवढेंच उचलणें, आणि प्रसंगीं दोन कामांत मन वांटून देणें. दुसरीला कारभार म्हणणें सोयीचें होईल: हेतु ठरविणें, त्याचे टप्पे पाडणें, वेळेवर आरंभ करणें, मध्येंच दुसरें कांहीं आडवें आलें तर तें बाजूस सारणें, आणि चुकत आहे असें दिसतांच थांबणें. जुन्या वाड्यांत स्वयंपाकी, माळी, गडी सर्व आपापल्या कामांत तरबेज असावे, पण कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून हें ठरविणारा कारभारीच अंथरुणाला खिळावा, तसा हा प्रकार आहे. हा कारभार मुख्यतः कपाळामागील पूर्वखंडांत चालतो. परंतु तेथून मेंदूच्या इतर भागांकडे जाणारे तंतुहि तितकेच महत्त्वाचे. मोटारीच्या अपघातांत डोक्याला जोराचा हिसका बसला म्हणजे हे तंतु ताणले जातात, कांहीं तुटतात. कवटी अभंग राहूनहि कारभार बिघडतो तो यामुळें.

माँट्रिऑल येथील विख्यात शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांस हें स्वतःच्या घरांत पाहावें लागलें. १९२८ सालीं त्यांनीं आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूंतील गांठ काढली. ती काढतांना उजव्या पूर्वखंडाचा मोठा भाग कापावा लागला. पुढें सुमारें सव्वा वर्षानें तिनें एक पाहुणा आणि घरचीं चार माणसें यांच्यासाठीं साधें जेवण करण्याचा बेत केला. स्वयंपाक ही तिला नवी गोष्ट नव्हती. ठरलेली वेळ झाली तेव्हां ती स्वयंपाकघरांत होती, सर्व जिन्नस समोर होते, एक-दोन पदार्थ शेगडीवर चढलेहि होते. पण सॅलड तयार नव्हतें, मांस शिजत टाकलेलें नव्हतें, आणि एकटीनें बराच वेळ खटपट करून ती गोंधळून व कष्टी होऊन उभी होती. पेनफील्ड यांनीं १९३५ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या गृहिणींनीं सणाचा स्वयंपाक केला आहे त्यांस यांतील मर्म ताबडतोब कळेल. पुरण शिजविणें, कणीक तिंबणें, आमटीला फोडणी देणें, यांतील प्रत्येक कृति सुटी घेतली तर सोपी. अवघड असतें तें त्यांचें वेळापत्रक. स्वयंपाकाला बुद्धि लागत नाहीं असें मानणाऱ्या पुरुषवर्गानें हें प्रकरण अवश्य ध्यानीं घ्यावें.

टेबलाशीं बसवून घेतलेल्या बुद्धिमापनाच्या परीक्षेंत असे रुग्ण पुष्कळदां उत्तम गुण मिळवितात, कारण तेथें प्रश्न समोर ठेवणारा, आरंभ करावयास सांगणारा आणि वेळ पाहणारा दुसराच कोणी असतो. १९९१ सालीं टिम शॅलिस व पॉल बर्जेस या इंग्लंडांतील संशोधकांनीं तीन रुग्णांना थोडक्या खरेदीची व चौकशीची यादी देऊन प्रत्यक्ष बाजारांत पाठविलें. खोलींत न दिसलेला दोष रस्त्यावर उघडा पडला. रशियांतील अलेक्झांडर लुरिया यांनीं दुसऱ्या महायुद्धांत डोक्यास जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले. दिवा लागला कीं हातांतील रबरी फुगा दाबावयाचा, असें पूर्वखंडाच्या कांहीं रुग्णांना सांगितलें असतां, दिवा लागतांच रुग्ण "हो, दाबावयाचें," असें म्हणे, आणि हात मात्र स्तब्ध राही. समजणें आणि करणें यांमधील दुवाच तुटलेला होता. रागावून तो जोडला जात नाहीं.

मग उपाय काय? पहिल्यानें असें वाटलें कीं दुखावलेल्या स्नायूप्रमाणें अवधानालाहि व्यायाम द्यावा. अंक ऐकून ठराविक अंकाला खूण करणें, अक्षरें शोधणें, असे खेळ रुग्णांकडून करून घेण्यांत आले. त्या खेळांत रुग्ण निश्चित तरबेज होतो. पण खेळांतील प्रगति आधणापर्यंत पोंचते काय, या प्रश्नाचें उत्तर फारसें आशादायक नाहीं. अर्धांगवायूच्या रुग्णांवरील प्रयोगांचा एकत्रित विचार केला असतां, शिकवणीच्या अखेरीस दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देण्याची शक्ति वाढलेली आढळते. ती टिकते किंवा रोजच्या जीवनांत उतरते, यास भक्कम पुरावा मिळालेला नाहीं. महागडे संगणकी खेळ विकत घेण्यापूर्वीं कुटुंबानें हें लक्षांत ठेवलेलें बरें.

दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरला आहे. कारभारी बरा होईपर्यंत, किंवा पूर्ण बरा होणारच नसेल तर कायमचा, कारभाराचा कांहीं भाग बाहेर मांडावयाचा आणि उरलेला रुग्णाला सावकाश शिकवावयाचा. या शिकवणीचें सूत्र चार शब्दांत सांगतां येतें: थांबा, ठरवा, टप्पे पाडा, पडताळा. रुग्ण प्रथम हे शब्द मोठ्यानें म्हणतो, मग पुटपुटतो, मग मनांत म्हणतो. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मेंदूच्या दाहानंतर स्वयंपाक जमेनासा झालेल्या एका स्त्रीला ही पद्धति शिकविली गेली आणि तिचा स्वयंपाक खरोखरच सुधारला. पेनफील्ड यांच्या बहिणीला ही शिकवण मिळण्याचा योग नव्हता.

कधीं कधीं नुसता 'थांबा' हा शब्दहि पुरतो. २००७ सालच्या एका प्रयोगांत रुग्णांनीं दिवसांतून ठरलेल्या वेळीं दूरध्वनि करावयाचे होते. कांहीं दिवशीं त्यांच्या मोबाइलवर अधूनमधून हा एकच शब्द धाडण्यांत आला. त्यांत दूरध्वनीचा उल्लेखहि नव्हता. तरीहि त्या दिवशीं त्यांच्याकडून काम अधिक चोख झालें. त्यापूर्वीं एका अमेरिकन अभियंत्यानें डोक्यास इजा झालेल्या आपल्या मुलासाठीं पेजरवर आठवण देणारी योजना तयार केली होती. इंग्लंडांत बार्बरा विल्सन यांनीं ती १४३ जणांवर पारखली, आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें प्रयोग पुरा करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० हून अधिक लोकांना तिचा स्पष्ट लाभ झाला. पेजर काढून घेतल्यावर मात्र अपघाताच्या रुग्णांनीं बराच लाभ टिकवला, तर अर्धांगवायूचे रुग्ण पूर्वस्थितीकडे वळले. दुसऱ्या गटाला आठवण बंद करण्याची घाई करूं नये, हा त्याचा व्यवहारी अर्थ. पेजर इतिहासजमा झाला असला तरी तेंच काम आतां कोणताहि मोबाइल करतो.

नित्याच्या कामांतूनच उपचार करणारे तज्ज्ञ येथें फार उपयोगीं पडतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं कमला निंबकर यांनीं या व्यवसायोपचाराचें विद्यालय सुरू केलें, तें भारतांतील पहिलें होय. अशा तज्ज्ञाचा सल्ला पहिल्याच महिन्यांत घ्यावा. त्याबरोबरच झोंप, खिन्नता आणि औषधें यांकडे डॉक्टरांचें लक्ष वेधावें, कारण या तिन्हींमुळें अवधान मंदावतें.

घरीं करावयाचें तें थोडें पण नेमानें करावें. एकच काम निवडावें, चहा उत्तम. पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यावर लावाव्या आणि एकेक पुरी होतांच रुग्णानें स्वतः खूण करावी. अडल्यास "साखर टाका" अशी आज्ञा न देतां "आतां काय राहिलें?" असें विचारावें, म्हणजे शोध त्याच्याच मनाला घ्यावा लागतो. सकाळीं, मन ताजें असतांना, हें काम ठेवावें. आरंभीं स्वयंपाकघरांत दुसरें कोणी बोलूं नये, आणि या मासिकाच्या वाचकांना सांगणें जिवावर येत असलें तरी रेडिओहि बंद ठेवावा. दोन-तीन आठवडे चहा निर्वेध होऊं लागला म्हणजे तो लहान आवाजांत लावून पाहावा, आणि त्या दिवशीं आधणाकडे कोणी तरी दुरून लक्ष ठेवावें.