बारभाई आणि तेरा वसाहती

ओझरच्या आग्रा रस्त्याची ओळख आज विमानांच्या कारखान्यामुळे असली, तरी उत्तर पेशवाईत या टापूकडे पुण्याच्या कारभाऱ्यांचे लक्ष असे ते निराळ्या कारणाने. नैर्ऋत्येस नाशिकलगत आनंदवल्लीला राघोबादादांचे वास्तव्य आणि ईशान्येस चांदवडला होळकरांचा अंमल, म्हणजे घरातली भाऊबंदकी व सरदारांचे सवतेसुभे ही मराठी दौलतीची दोन्ही दुखणी दोन दिवसांच्या मजलेत सामावलेली होती. त्याच काळात सातासमुद्रांपलीकडे तेरा इंग्रज वसाहती आपल्या राजाविरुद्ध उठल्या. या दोन कथा वेगवेगळ्या पुस्तकांत छापल्या जात असल्या, तरी त्यांचा जमाखर्च एकाच कंपनीच्या दप्तरात मांडलेला सापडतो.

१६०७ मध्ये जेम्सटाउनची वसाहत झाली, १६१९ मध्ये व्हर्जिनियात लोकप्रतिनिधींची सभा भरली, आणि कर द्यायचा तो आपल्या सभेच्या संमतीने, हा रिवाज दीड शतकात वसाहतींच्या अंगवळणी पडला. म्हणूनच सप्तवार्षिक युद्धाने कर्जबाजारी झालेल्या पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टँपाचा कर लादला तेव्हा पहिला खटका उडाला. तो कर वर्षभरात उठला, पण पुढे बसवलेली चहावरची जकात राहिली. हा चहा चीनचा, परंतु माल ईस्ट इंडिया कंपनीचा. आणि १७७० च्या दुष्काळाने उजाडलेला बंगाल व फौजेचा वाढता खर्च यांनी कंपनीचे दिवाळे वाजण्याची वेळ आणल्यामुळे पार्लमेंटने १७७३ मध्ये दोन कायदे केले. एकाने कंपनीला अमेरिकेत परस्पर चहा विकण्याची मुभा मिळाली, तर दुसऱ्याने युद्ध व तह यांबाबत कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांना कलकत्त्याच्या हुकमतीखाली आणले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला आणि १६ डिसेंबरला बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

पुढचा क्रम तर तारखांनीच बोलतो. साष्टी आणि वसईच्या लोभाने मुंबईकरांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस, पुण्याच्या बारभाई कारभाऱ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या राघोबांशी तह केला आणि १९ एप्रिलला लेक्सिंग्टन येथे बंदुका वाजल्या. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर करून १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा करवला, आणि जुलैत फिलाडेल्फियाहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरणार असा रंग दिसत असताना सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ बारभाईंतल्या नाना फडणिसांकडे पुण्यास येऊन राहिला. मुंबईकरांनी त्याचाच बागुलबुवा उभा करून पुन्हा लढाई काढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास नामुष्कीचा करार पदरी घेतला. इंग्रजांशी झुंजणाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीचे नाव तर पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला दिलेले होते, आणि त्या जहाजाने एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या उपसागरात इंग्रजांचे ‘जनरल मंक’ पाडाव केले! महिन्याभराने, १७ मे रोजी, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला.

यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी शस्त्रे खाली ठेवताना प्रकृतीचे निमित्त सांगून मागे राहिलेला आणि दुय्यम सेनापतीकरवी तलवार पाठवणारा कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणासमोरून उपाशी फौजेनिशी, बैल मेल्यामुळे किल्लेफोड्या तोफा निकामी करून तो माघार घेत असता त्याला हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची घोडदळे भेटली. मराठी लष्कराच्या बाजारात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत आणि बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सर्व काही, अर्थात चढ्या भावाने, मिळत होते. वॉशिंग्टनने ज्याला शरण आणले त्याची उपासमार आमच्या बुणग्यांनी भागवली, हे वाचताना हसावे की कपाळाला हात लावावा, हे कळत नाही.

शत्रू एक होता, तसे दुखणेही बरेचसे एकच होते. १७८१ च्या करारनाम्याप्रमाणे अमेरिकेच्या मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. संस्थानांपुढे हात पसरावा, सैनिकांचा पगार थकवावा, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी उठले तेव्हा स्वस्थ पाहावे, अशी तिची अवस्था होती. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियास ५५ प्रतिनिधींनी बंद दाराआड बसून नवी घटना रचली आणि मध्यवर्ती खजिन्याला स्वतःचा वसूल दिला. या समेटाची किंमत गुलामांनी मोजली. प्रतिनिधित्वाच्या गणतीत त्यांचे मोल तीनपंचमांश धरले गेले आणि १८०८ पर्यंत त्यांची आयात बंद करण्यास मनाई झाली. ती गुलामी मोडण्यास यादवी युद्ध लागले, आणि ती मोडणाऱ्यांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

पुण्यास मात्र सरंजामदार हाच वसूल करणारा आणि तोच सरकारचा सावकार. १७९२ मध्ये महादजी पेशव्यांसाठी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन आले, ते हिंदुस्थानच्या मोहिमांच्या खर्चाचा हिशेबही बरोबर घेऊनच. नानांची बुद्धी या देण्याघेण्यात झिजली. त्या बुद्धीला कमी लेखण्याचे कारण नाही, पण सर्व सरदारांना एका मसलतीस बसवून खजिन्याचाच प्रश्न सोडवावा, असा प्रयत्न तिने केलेला दिसत नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजी पलटणींच्या खर्चापोटी २६ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख वसईच्या तहाने तोडून दिला. त्यानंतर चार महिन्यांनी, ३० एप्रिल १८०३ रोजी, नव्या प्रजासत्ताकाने दीड कोट डॉलरांत फ्रान्सकडून लुइझियाना घेऊन आपला मुलूख दुप्पट केला, आणि त्या व्यवहाराचे कर्जरोखे खपवणाऱ्या पेढ्यांत लंडनची बेअरिंग ही इंग्रज पेढीही होती.