एमएच १८ की १९?

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात मी डिस्पॅच बघते. त्याआधी धुळ्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या पावत्या, फाडायचे. बाहेरच्यांना वाटतं, हमालांनी बंडलं चढवली, ताडपत्री आवळली की गाडी सुटली. पण गाडी भरून उभी असते आणि ड्रायव्हर खिडकीत येऊन विचारत असतो, "ताई, कागद व्हयनात का?"

एकच गाडी नंबर गेटच्या रजिस्टरात, काट्याच्या पावतीवर, बिलावर, ई-वे बिलात, बिल्टीवर, एक्सेलमध्ये आणि शेवटी पार्टीला व्हॉट्सअॅपवर लिहायचा. सात ठिकाणी तेच. पार्टीचं नाव, नग, वजन यांचंही तसंच. यात डोकं कुठेच लागत नाही, लागतात फक्त बोटं. आणि संध्याकाळी चार गाड्या एकदम लागल्या की बोटं घसरतात.

आमच्याकडे तर घसरायला जागा तयारच आहे. जळगावची गाडी एमएच १९, धुळ्याची एमएच १८. दोन्ही आकडे कीबोर्डवर शेजारी. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. त्याच्या 'अ' भागात मालाची माहिती, 'ब' भागात गाडी नंबर. रस्त्यात तपासणी झाली आणि नंबर जुळला नाही, की गाडी अडकलीच. सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने एक-दोन आकड्यांची चूक हजार रुपयांवर भागवली, हे बरं झालं. पण दंड भरून होईपर्यंत गाडी उभी राहते, आणि पलीकडून पार्टीचे फोन सुरू होतात ते वेगळेच.

शिवाय आमचा सुटा माल छोट्या गाडीने धुळ्याला जातो. तिथे महामार्ग चहूकडे फुटतात, म्हणून ट्रान्सपोर्टवाले तिथेच माल मोठ्या गाडीत घेतात आणि इंदूरकडे काढतात. गाडी बदलली की 'ब' भागही बदलावा लागतो. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस; इंदूरला दोन दिवस मिळतात, नागपूरला तीन.

हे परत परत लिहिणं कमी करायची सुरुवात आम्ही फुकटात केली. एक्सेलच्या ओळींची फाइल करून अनेक ई-वे बिलं एकदम काढण्याची सोय सरकारी पोर्टलवरच आहे. कित्येकांना ती ठाऊकच नाही. त्याआधी मात्र प्रत्येक पार्टीचा जीएसटी नंबर आणि पिनकोड तपासून एकदाच नीट भरून ठेवावा लागला. खरं कंटाळवाणं काम ते होतं, आणि कुठलंही सॉफ्टवेअर विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अंतर पोर्टल पिनकोडवरून काढतं, म्हणजे पिनकोड चुकला की मुदतही चुकली. नंतर टॅली जोडलं. आता बिल केलं की त्यातूनच ई-वे बिल निघतं, आणि बिल्टीचा मजकूर व पार्टीचा मेसेज त्याच माहितीवरून तयार होतो. नंबर एकदाच टाकायचा, तोही गेटवर.

यात एक मेख आहे. पूर्वी सातांपैकी एका कागदावर आकडा वेगळा दिसला की संशय यायचा. आता चूक झाली तर सातही कागद एकमुखाने खोटं बोलतात. म्हणून वॉचमन नंबरप्लेटचा फोटो काढतो, आणि बिल करण्याआधी मी तो नंबर ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवते. वाचलेल्या वेळातला एवढा वेळ मी मुद्दाम खर्च करते. मालकांना आधी तो फालतू वाटला होता.

पोच मात्र अजून माझ्याच हातात आहे. माल उतरल्यावर पार्टीने सही करून परत पाठवलेली बिल्टीची प्रत म्हणजे पोच. ती आली की ट्रान्सपोर्टचं राहिलेलं भाडं सुटतं. हल्ली ड्रायव्हर तिचा फोटो पाठवतात, आणि फोटो आला की भाडं आपोआप सोडावं असा एक प्रस्ताव आमच्याकडे आला होता. मी नाही म्हटलं. सहीच्या खाली कोपऱ्यात कधी हिंदीत, कधी गुजरातीत खरडलेलं असतं: दोन बंडल ओले. ते वाचल्याशिवाय मी भाडं सोडत नाही.